शेवटची दोरी

भाईंदरकडचे गरब्याचे लाउडस्पीकर गप्प होतात. ऊन तसंच राहतं, पण हवेतली चिकट ओल निघून जाते. मग एका सकाळी उत्तरेचा वारा कानामागे लागतो आणि मला कळतं, बोंबलांचा मोसम आला. यंदाही आला. गुडघे म्हणतात घरी बस, पण पाय खळ्याकडे चालू लागतात. खळं म्हणजे आमच्या पाली गावातलं मासळी सुकवायचं मैदान. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला घरं आणि मध्ये बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या. त्यांना आम्ही वलांड्या म्हणतो.

होड्या लागल्या की टोपल्या खळ्यावर येतात. बोंबील हातात धरला तर पाण्यासारखा निसटतो. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मेलेले असतात, तरी एकमेकांना सोडत नाहीत. लग्नाच्या मिस्सेला फादर संसारावर इतकं लांबलचक बोलतात, त्यापेक्षा एक जोडी दाखवली तर काम भागेल. सकाळी त्या दोऱ्या गुलाबी, पांढऱ्या, ओल्या दिसतात. दुपारपर्यंत कातडी ताणली जाते आणि वाऱ्यावर जोड्या एकमेकींवर आपटून बारीक आवाज करायला लागतात. त्या आवाजात माझं सगळं आयुष्य गेलं. वासाबद्दल मी लिहीत नाही. ज्यांना आवडत नाही त्यांनी नाकाला रुमाल लावून जावं, रस्ता मोकळा आहे.

या मोसमाचा आणखी एक शब्द आहे. तो कागदावर लिहायला मला आजही जड जातं. उन्हाळी. लघवीला जळजळ होते ना, तिला उन्हाळी लागली म्हणतात. नाव उन्हाळ्याचं, पण आमच्या बायकांना ती नाताळातही लागते. घराघरात धण्याचं पाणी भिजत घातलेलं असतं. सून सासूला देते, सासू सुनेला देते. दोघीही विचारत नाहीत की थंडीच्या दिवसांत हे कुठून आलं. कुठून आलं ते दोघींना माहीत असतं. पहाटे खळ्यावर जायचं ते ऊन उतरेपर्यंत तिथेच. मासळी टाकून घरी गेलं की कावळे आणि कुत्रे टपलेलेच. पुरुषांना समुद्र आहे, भिंत आहे, होडीची आड आहे. बाईला काय आहे? म्हणून बाई पाणी पीत नाही. माठ भरलेला असतो, त्यावर ताटली असते, ताटलीवर पेला उपडा. तो कोरडाच राहतो.

आणि अगदीच राहवलं नाही, तर खळ्याच्या टोकाला एक दोरी आहे. तिच्या पलीकडे दोन गंजके पत्रे, एक मोडकी होडी आणि तिवरांची झाडी. त्या दोरीवर कुणी मासळी टाकत नाही, कारण तिथे चिखलाची ओल येते. बाई उठते, हात पुसते आणि शेजारणीला म्हणते, “जरा शेवटची दोरी बघून येते.” शेजारीण म्हणते, “बघ, बघ. माझी पण बघ.” माझ्या सासूच्या तोंडी हेच होतं, माझ्याही तोंडी हेच. दुसरा शब्द आम्हाला ठाऊकच नव्हता असं नाही. तोंडातून निघत नव्हता.

आता माझ्या नातीचं सांगते. तिचं नाव मेलिसा. घरात तिला कुणी मेली म्हणायचं नाही अशी तिच्या आईची ताकीद आहे. मी म्हणते. मेली आधी आर्किटेक्ट झाली. गावाला ते समजलं. पोर घरं बांधणार, पेढे वाटा. पण मग ती म्हणाली, आणखी शिकायचंय, संशोधनाची मास्टर डिग्री, आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगमध्ये. गावाला ते समजलं नाही. मलाही नाही. मी चौथीपर्यंत शिकले. संशोधन म्हणजे काहीतरी हरवलंय ते शोधायचं, एवढंच मला वाटलं.

“काय शोधणार गो?” मी विचारलं.

“आपलं खळं, आजी. लोक ते कसं वापरतात ते.”

“आपल्या खळ्याला शोधायला कॉलेजात कशाला जायला पाहिजे? दाराबाहेर बघ, तिथेच हाय.”

कॉलेजात असताना एका मोसमात ती रोज खळ्यावर यायची. यायची आणि बसायची. उपड्या होडीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून. पावलं मोजून जागा मापायची, सकाळी सावली कुठे आणि दुपारी कुठे ते काढायची, कोण कुठून कुठे जातं त्याच्या रेघा मारायची. मला शरम वाटायची. बाकीच्यांच्या पोरी ऑफिसात एसीत बसतात आणि आमची बोंबलांकडे टक लावून बसलेली. माझी शेजारीण मार्थाबाय. तिच्या जिभेला हाड नाही, पण मन साफ आहे. ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, “फिलूबाय, तुझ्या नातीला एवढं शिकवलंस, तिला बसायला आलं. आता उभं राहायला कधी शिकवणार?”

मी हसायचे. पण घरी आल्यावर मेलीला सुनवायचे. “दोन वर्षं घालवून तुला काय आलं? बसायला?”

ती म्हणायची, “हो. ते फार कठीण असतं, आजी.”

तिचं खोटं नव्हतं. आज मी शेतातलं बुजगावणं झाल्यासारखी खळ्यावर खुर्ची टाकून बसते, तेव्हा कळतं. नुसतं बसायचं, बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, कुणी चुकीची गाठ मारली तरी हात पुढे करायचा नाही. माझ्याने पाव तास होत नाही.

तर त्या वेळी ती बायकांना प्रश्न विचारायची. कधी येता, कुठे बसता, जेवता कुठे. बायका उत्तरं द्यायच्या. एकदा तिने विचारलं, “तुम्ही सगळ्या त्या शेवटच्या दोरीकडे एवढ्या का जाता?”

मार्थाबायने टोपलीत डोकं घातलं. मी सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “वारा बघायला. त्या दोरीवर वारा आधी लागतो.”

बस. एवढंच बोलले. स्वतःच्या नातीला सांगायला मला लाज वाटली आणि जे पहिलं तोंडात आलं ते मी फेकलं.

त्याचं तिने काय करावं? कॉलेजात जाऊन मोठा नकाशा लावला. त्यात शेवटच्या दोरीकडे जाणाऱ्या रेघाच रेघा, मुंग्यांची रांग असावी तशा. तिने सगळ्यांना समजावलं की पालीच्या कोळणी शेवटच्या दोरीवरून वाऱ्याचा अंदाज घेतात, हे पिढ्यांचं ज्ञान आहे. तिच्या मॅडमना ते फार आवडलं. घरी आली ती नाचतच. खळ्यावर येऊन सगळ्यांना सांगितलं, “तुमच्या दोरीचं किती कौतुक झालं माहितीय?”

मार्थाबायच्या हातातली मासळी खाली पडली. ती तोंडाला पदर लावून अशी हसली की तिला खरंच शेवटची दोरी बघायला जावं लागलं. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. “वारा बघून येतो हां, बाय!” असं मेलीला ओरडून सांगून गेल्या. मीही हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. मग मेलीकडे बघितलं. तीसुद्धा हसत होती, आम्ही खूश झालो म्हणून. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी हसायची थांबले. आमचं मुतणं तिने शिकलेल्या माणसांसमोर ज्ञान म्हणून मांडलं होतं. तिला वेडं आम्ही केलं होतं. आम्ही म्हणजे मी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रोखठोक बाई म्हणून ओळखली जाते. फादरला तोंडावर सांगितलंय की प्रवचन लांबलं. व्यापाऱ्याला सांगितलंय की तुझा काटा खोटा. नवऱ्याला काय काय सांगितलंय ते त्यालाच ठाऊक, देव त्याला शांती देवो. पण हे एक सांगता आलं नाही. मोसम पुढे सरकत राहिला. वारा आणखी कोरडा झाला. बोंबील पिवळे पडून लाकडासारखे वाजू लागले आणि मी रोज ठरवायचे, आज सांगू.

मला सांगावं लागलंच नाही. तिनेच ते काढलं. कसं, ते मला नंतर कळलं. स्वतःचा नकाशा समोर ठेवून ती परत येऊन बसली. नकाशा खरा असेल तर डोळ्यांना तेच दिसायला हवं, असं तिचं म्हणणं. आणि ते दिसेना. माझा दीर पास्कू त्या बाजूला जाळं विणायला बसला की कुणीच वारा बघायला जात नाही. तो उठून गेला की दोघी-तिघी एकदम जातात. वारा काय पास्कूला घाबरतो? त्या दोरीवर तर एकही बोंबील नसतो. आणि तो माठ.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. ती चुलीजवळ पाट घेऊन बसली.

“आजी, तुम्ही खळ्यावर पाणी कधी पिता?”

“तहान लागली की.”

“तहान कधी लागते?”

माझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. तिथे का जाता, असं ती पुन्हा विचारती, तर मी पुन्हा वारा सांगितला असता. तिने प्रश्न फिरवून दुसऱ्या दारातून आणला. हे तिला तिकडे शिकवतात. माणूस लाजेपोटी खोटं बोलतो हे धरून चालायचं, त्याला तोंडावर पाडायचं नाही, त्याला जिथून खरं बोलता येईल ती वाट त्याच्यासाठी शोधायची. मी आयुष्यभर माणसांना तोंडावर पाडलं आणि त्याला खरेपणा म्हटलं.

“लागत न्हाय,” मी म्हटलं. “लागली तरी लागू देत न्हाय.”

करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन सांगून आली की माझा नकाशा चुकला, माझा प्रश्नच चुकला होता.

“मॅडम काय म्हणाल्या?” मी घाबरत विचारलं. मला वाटलं, काढूनच टाकलं असेल.

“चहा पाजला,” ती म्हणाली.

शाळेत असताना एकदा माझं गणित चुकलं होतं, तर बाईंनी सगळ्या वर्गासमोर अंगठे धरायला लावले. तेव्हापासून चुकलं हा शब्द मी शत्रूसमोरही उच्चारला नाही. ही पोर स्वतःच्या पायांनी जाऊन तो शब्द बोलून आली आणि वर चहा पिऊन आली.

पण गोष्ट तिथे संपण्यासारखी नव्हती. त्याच मोसमात गावात बोलवा झाला की जेट्टीपर्यंत सरळ काँक्रीटचा रस्ता येणार, मोठे दिवे येणार, टेम्पो थेट पाण्यापर्यंत जातील. पुरुष खूश. रस्ता कुठून जाणार, तर खळ्याच्या टोकावरून. पत्रे जाणार, मोडकी होडी जाणार, तिवरांची कड साफ होणार. शेवटची दोरी जाणार. रात्रंदिवस उजेड आणि टेम्पोवाले. मग आम्ही कुठे जायचं? हा प्रश्न प्रत्येक बाईच्या पोटात होता आणि एकीच्याही तोंडात नव्हता. जी जागा आहे असं आपण कधी म्हटलंच नाही, ती नेऊ नका असं सांगायचं कसं?

मेलीने बायकांना खळ्यावर गोळा केलं. म्हणाली, “रस्त्याच्या मीटिंगला माझा नकाशा मागितलाय. खळ्याचा दुसरा नकाशा कुणाकडेच नाही. मी त्यात ती जागा दाखवू का? तुम्ही हो म्हणालात तरच.”

मार्थाबाय उसळली. “चर्चच्या हॉलात आमची मुतायची जागा टांगणार? आमच्या नवऱ्यांसमोर, जावयांसमोर? मेले तरी चालेल.”

“मेले तरी चालेल” हे ती सहज बोलली, पण त्याच महिन्यात तिला मुतखड्याच्या दुखण्याने दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मेलीने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “नको.”

मला वाटलं, ती भांडेल. शिकलेल्या पोरी भांडतात, आमच्या भल्याचं आम्हाला सांगतात. ही म्हणाली, “ठीक आहे,” आणि उठली. तेवढ्या मोठ्या नकाशात तिने सगळं ठेवलं. वलांड्या, माठ, कावळ्यांचा माड, मार्थाबायची बसायची फळी. आणि टोकाला, शेवटच्या दोरीपलीकडे, नुसता पांढरा कागद.

हॉल भरला होता. पुढे पुरुष, मागे आम्ही. रस्त्याच्या कामाचा एक तरुण इंजिनीयर आला होता, हिंदी बोलणारा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. भला दिसत होता. नकाशा बघून तो म्हणाला, “बहुत अच्छा बनाया है.” मग त्याने त्या पांढऱ्या जागेवर पेन ठेवलं. “यहाँ तो कुछ नहीं है ना? खाली है?”

मेलीने उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला कोंडीत पकडल्यासारखं होऊ नये म्हणून तिने मुद्दाम खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. ते मला दिसलं. एवढं शिकून ती गप्प बसू शकत होती आणि चौथी पास मी नको तिथे चुरुचुरु बोलून इथे मुकी झाले होते. मी उभी राहिले.

“खाली न्हाय,” मी म्हटलं. मग खरा शब्द बोलायला तोंड उघडलं आणि आलं ते हेच, “तिथं शेवटची दोरी हाय.”

“अरे मावशी, रस्सी तो हम सरका देंगे.”

कुणीतरी हसेल असं मला वाटलं. कुणीच हसलं नाही. पुढे बसलेल्या पुरुषांच्या माना एकेक करून खाली गेल्या. मला त्यांच्या मानाच दिसत होत्या, उन्हाने रापलेल्या. मग माझा दीर पास्कू, ज्याने उभ्या जन्मात मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, तो बसल्या जागेवरून म्हणाला, “ती सरकवता यायची न्हाय, सायेब. बायकांची जागा हाय ती. आमाला म्हायती हाय.”

आमाला म्हायती हाय.

माझे कान तापले. मी खाली बसले की कुणी बसवलं ते आठवत नाही. मार्थाबायने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत असणार. म्हणून तर पास्कू उठून जायचा. तो जाळं आटोपून उठायचा तेव्हा आम्ही म्हणायचो, बरं झालं, गेला मेला. तो आमच्यासाठी उठत होता.

त्या दिवसाची लाज मी खूप दिवस चघळली. सुरुवातीला वाटलं, ज्या गोष्टीवर पदर टाकत सासूचं आयुष्य गेलं, माझं गेलं, तो पदर काचेचा होता. मग हळूहळू राग आला. माहीत होतं ना? मग एक भिंत का नाही उभी केली? होडीला रंग देता आला, जेट्टीवर क्रूस बसवता आला, त्याच्याभोवती दिव्यांची माळ लावता आली. चार पत्रे नीट ठोकता आले नाहीत? पास्कू चांगला माणूस आहे. तो उठून गेला. उठून जाणं म्हणजेच मदत, असं त्याला वाटलं. आणि न बोलणं म्हणजेच अब्रू, असं आम्हाला. दोन्हीकडून इतकी मर्यादा पाळली की मध्ये बायका आजारी पडत राहिल्या. ही लाज कुणाची हे मला अजून वाटून देता येत नाही. माझा वाटा मात्र मला माहीत आहे. सगळ्यांत मोठी मी होते. आणि विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, वारा.

रस्ता आला. टोकाजवळ तो थोडा वळतो. नवखे टेम्पोवाले तिथे शिव्या घालतात, हा बाक कशाला काढला म्हणून. वळणाच्या आत दोन खोल्यांचं शौचालय आहे. ते बांधायच्या आधी मेलीने खळ्यावर जमिनीवर दोरी टाकून त्याची आखणी केली होती आणि आम्हाला आत चालायला लावलं. “दार इकडे असलं तर कोण दिसतं? आणि तिकडे असलं तर?” मार्थाबाय त्या दोरीच्या खोलीत उकिडवी बसून चारी दिशांना बघत होती आणि ओरडत होती, “इथनं पास्कू दिसतो! फिरव, फिरव!” शेवटी दार समुद्राकडे गेलं. तिथून कुणीच दिसत नाही. फक्त पाणी. बाहेर पाटी आहे, महिला शौचालय. तो शब्द कुणी वापरत नाही. तरण्या मुलीसुद्धा म्हणतात, शेवटची दोरी बघून येते. पण आता हसून, मोठ्याने म्हणतात. नळाला पाणी कधी असतं, कधी नसतं. दिवा गेलाय.

यंदा वारा सुटल्याच्या पहिल्या रविवारी मेली खळ्यावर आली. आता नोकरीला लागली आहे, कुठल्यातरी दुसऱ्या गावाचं खळं शोधते. माझ्या खुर्चीजवळ वाळूत फतकल मारून बसली. जबड्यात जबडा अडकवायला घेतला, अजून नीट जमत नाही. मी हात पुढे केला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. बाकीच्या बायकांचे पेले माठात बुडत होते.

माझ्या पायाशी बाटली होती, सकाळी सुनेने भरून दिलेली. गळ्यापर्यंत तशीच भरलेली. खोली आहे, दार आहे, दाराची दिशासुद्धा आमच्याच शब्दावर ठरली आहे, आणि माझं शरीर अजून जुन्या हुकमावर चाललेलं. मेलीने बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि पुन्हा मान खाली घालून ती बोंबलाच्या जबड्याशी झगडायला लागली.

तिने काही विचारलं नाही. विचारती तर मी म्हटलं असतं, तहान नाही.

मी झाकण फिरवलं. नवं होतं, घट्ट होतं. तिने मदत केली नाही.